दडलेला प्राणी कसा शोधावा: बडोद्याच्या गच्चीपासून नराराच्या ओहोटीपर्यंत

एकादशीसाठी रताळी आणाल तेव्हा तीन जास्तीची आणा. साधारण एका मापाची, वीतभर लांब, फार वाकडी नकोत. समुद्रातले प्राणी रंगाच्या जोरावर कसे दडतात हे समजून घ्यायचं तर सुरुवात या रताळ्यांपासून करावी, आपल्याच गच्चीवर. तयारी न करता थेट किनारा गाठला की काय होतं ते मला अनुभवाने ठाऊक आहे. माणूस बडोद्याहून चारशेहून अधिक किलोमीटर जातो, खडकांवर दोन तास फिरतो आणि "तिथे काहीच नव्हतं हो" म्हणत परत येतो. माझं पहिल्या खेपेला अगदी हेच झालं. तिथे पुष्कळ काही होतं, मला बघता येत नव्हतं इतकंच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी घरातले प्रयोग, मग मासळीबाजारात एक चक्कर, मग कावी-कंबोईच्या चिखलावर सराव, आणि सगळ्यात शेवटी जामनगरपलीकडे, कच्छच्या आखातातलं प्रवाळांचं नरारा. घाईत असाल तर काचनळीचा प्रयोग गाळा, पण रताळी गाळू नका.

तीन रताळी आणि एक चित्रकार

१८९६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या केंब्रिजला पक्षी-अभ्यासकांची सभा भरली होती. तिथे ॲबट थेयर नावाच्या चित्रकाराने जमलेल्यांना एक गंमत दाखवली. जमिनीपासून थोडी वर एक तार ताणली, तिच्यावर रताळ्यांसारख्या तीन वस्तू आडव्या बसवल्या, त्यांना काहीतरी चिकट फासून वर तिथल्याच रस्त्यावरची कोरडी माती भुरभुरली. मग दोन टोकांच्या रताळ्यांचं पोट पांढरं रंगवलं आणि तो पांढरा रंग बाजूंवर हळूहळू मातकट रंगात मिसळत नेला. मधलं तसंच सोडलं. थोडं लांब जाऊन पाहिलं तर टोकांची दोन रताळी दिसेनाशी झाली. मधलं, ज्याला नखशिखांत मातीचाच रंग होता, ते मात्र ठसठशीत दिसत होतं, आणि होतं त्याहून काळं वाटत होतं.

हाच प्रयोग घरी करा. कणकेची पातळ खळ शिजवून रताळ्यांना फासा, कुंडीतली कोरडी माती चाळून वर टाका. पांढऱ्या रंगासाठी रांगोळी उत्तम, बोटाने पोटाकडून वर पुसत न्यायची, म्हणजे कडक रेघ राहत नाही. दोन विटांमध्ये तार ताणून खाली तीच माती पसरा. उघड्या आभाळाखाली, ऊन डोक्यावर किंवा किंचित ढगाळ असताना बघा. संध्याकाळी तिरप्या उन्हात हा प्रयोग फसतो. दहा-पंधरा पावलं मागे जा, उकिडवे बसा, आणि ज्याला प्रयोगातलं काही माहीत नाही अशा एखाद्या पोराला विचारा, "किती रताळी दिसतात?"

कारण असं. उजेड वरून येतो, म्हणून कुठल्याही गोल वस्तूची पाठ उजळ आणि पोट अंधारं दिसतं. ही उजेडापासून सावलीपर्यंतची उतरण पाहूनच आपला डोळा ठरवतो की समोर काहीतरी गोलवा असलेलं, भरीव, म्हणजे बहुधा खाण्याजोगं आहे. पाठ गडद आणि पोट फिकं केलं की उतरण पुसली जाते. वस्तू सपाट होते आणि पार्श्वभूमीत विरते. रंग तोच असून भागत नाही, सावली मारावी लागते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: दडणारा प्राणी रंगाची नक्कल करतो त्यापेक्षा जास्त, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सवयी फसवतो.

याची उलट तपासणीही निसर्गाने करून ठेवली आहे. काँगोच्या खोऱ्यातला एक छोटा मिशाळ मासा बहुतेक वेळ उताणा पोहतो, आणि त्याचं पोटच पाठीपेक्षा काळं असतं. शोभेच्या माशांच्या दुकानात तो कधीकधी मिळतो.

थेयरसाहेब पुढे मात्र वाहवत गेले. प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक रंग दडण्यासाठीच असतो, अगदी रोहित पक्षी गुलाबी असतो तो मावळतीच्या आभाळात मिसळावा म्हणून, असं ते सांगू लागले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांची चांगलीच खिल्ली उडवली. जामनगरला जाल तेव्हा जवळच्या खिजडियाच्या पाणथळीत भर दुपारी, करड्या चिखलात उभे असलेले रोहित पाहा आणि तुम्हीच ठरवा.

फरशीवरचे मासे

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत अजून मोझॅकच्या फरश्या आहेत. पांढऱ्या-काळ्या-लाल खड्यांच्या. तुमच्याकडे नसेल तर एखाद्या आत्याकडे नक्की असेल. पुठ्ठ्याचे दोन सारखे मासे कापा. दोघांवर तेच तीन रंग, तेवढेच ठिपके. फरक एकच: एका माशावर ठिपके आतल्या आत ठेवा, कडेला एकसारखी पट्टी सोडून. दुसऱ्यावर ठिपके कडेपर्यंत न्या, इतके की कडेने ते अर्धवट कापले जावेत. दोन्ही मासे फरशीवर टाका आणि खोलीबाहेरच्या माणसाला शोधायला बोलवा.

दुसरा मासा सापडायला वेळ लागतो. त्याची बाह्यरेषाच तुटली आहे. डोळा वस्तू ओळखतो ती कडेवरून, आणि कडेवर येऊन आदळणारा गडद ठिपका त्या कडेचे दोन तुकडे करतो. प्रवाळांमधल्या कितीतरी माशांच्या अंगावरचे भडक पट्टे आपल्याला मत्स्यालयाच्या पेटीत उठून दिसतात, पण प्रवाळाच्या उजेड-सावलीच्या गुंतावळ्यात तेच पट्टे माशाचे तुकडे करून टाकतात.

आता पुठ्ठ्याच्या माशाला पेनाने एक काळा, गोल डोळा काढा. पुन्हा शोधायला लावा. शोध लगेच संपतो. डोळा लपवणं सगळ्यात अवघड: तो गोल असतो, काळा असतो, चकाकतो. म्हणूनच फुलपाखरू-मासे म्हणतात त्यांतल्या बऱ्याच जातींत खऱ्या डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो, आणि काहींना शेपटीजवळ एक खोटा डोळाही असतो. हे लक्षात ठेवा, नराराला उपयोगी पडेल.

निळ्या उजेडात कुंकू

रात्री खोलीत काळोख करा. मोबाईलच्या पडद्यावर निव्वळ निळ्या रंगाचं चित्र पूर्ण भरून लावा. त्या उजेडात कुंकवाचा करंडा उघडा. कुंकू काळं दिसेल. शेजारी हळद ठेवलीत तर तीही मळकी दिसेल.

समुद्रात खाली जाताना हेच घडतं. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी गिळतं. दहाएक मीटरवर लाल रंगाचा बराचसा जोर ओसरतो, आणि खूप खोल गेलं की उरतो तो निळा. तिथे लालभडक कोळंबी म्हणजे काळी कोळंबी, आणि काळ्या पाण्यात काळं म्हणजे नाहीसं. बोटीवर आणल्यावर 'केवढा भडक!' वाटणारा खोल पाण्यातला प्राणी आपल्या घरी अगदी साध्या कपड्यांत असतो. काही खोल पाण्यातले मासे तर याहून पुढे गेले आहेत: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जाती सापडल्या की त्यांची कातडी अंगावर पडलेल्या उजेडाचा अर्धा टक्कासुद्धा परत पाठवत नाही.

दोनशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात आणखी एक अडचण असते. वरून जेमतेम उजेड येतो आणि खालून वर बघणाऱ्याला माशाची काळी आकृती दिसते. तिथे पोट पांढरं असून उपयोग नाही, कारण पोटावर पडायला खालून उजेडच नाही. मग काही मासे आणि म्हाकुळं (स्क्विड) पोटावर दिवे लावतात, आणि वरून येणाऱ्या उजेडाइतकाच मंद प्रकाश खाली सोडून आपली सावली बुजवतात. हवाईचं एक आखूड, गुबगुबीत म्हाकूळ उथळ पाण्यात राहतं, पण चांदण्या रात्री हीच युक्ती करतं, आणि त्यासाठी प्रकाश देणारे जिवाणू अंगात बाळगतं.

पारदर्शक होणं हा तिसरा मार्ग. प्रयोगशाळेच्या दुकानातून बोरोसिलिकेट काचेची एक परीक्षानळी आणा, ती शेंगदाणा तेलाने भरून तेलाच्याच ग्लासात बुडवा. जवळजवळ दिसेनाशी होते, कारण काच आणि तेल उजेडाला सारख्याच प्रमाणात वळवतात. जेलीफिश, काही कोळंब्या, वाम माशांची पिल्लं यांनी पाण्याशी असंच जमवून घेतलेलं असतं.

बाजारात भिंग घेऊन

आपल्यात मासे खाणारी घरं आहेत आणि बाजाराच्या वासानेच रस्ता बदलणारीही. नाकाला रुमाल लावून गेलात तरी चालेल, पण भिंग न्या.

पहिला बांगडा. पाठ निळसर-हिरवी, तीवर लांबीला समांतर गडद रेघा, पोट चांदीसारखं. रताळ्याचा धडा इथे उघड दिसतो. वरून बघणाऱ्या पक्ष्याला खालच्या गडद पाण्यावर गडद पाठ, खालून बघणाऱ्या माशाला उजळ पृष्ठभागावर उजळ पोट. चांदीचं काम मात्र वेगळं. तारली किंवा पापलेटची चमक म्हणजे रंग नव्हे, ते आरसे आहेत. कातडीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे पातळ स्फटिक थराथराने बसलेले असतात. उघड्या समुद्रात चहूबाजूंनी निळंच निळं, लपायला दगड नाही, शेवाळ नाही. अशा वेळी आरसा हाच सगळ्यात चांगला पडदा, कारण आरशात दिसतो तोही समुद्रच.

दुसरा लेप. हा आवर्जून उलटून बघा. एक बाजू मातकट, ठिपक्यांची, दुसरी पांढरीफटक. दोन्ही डोळे मातकट बाजूवर. पिल्लू असताना याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकून दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा कुशीवर झोपून आयुष्य काढतो. याच्या जातभाईंपैकी काही, वाळू बदलली की काही सेकंदांत अंगावरची नक्षी बदलतात.

तिसरं म्हाकूळ, आणि इथे घाई करू नका. ताजं म्हाकूळ मागा. कातडीवर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके दिसतील. भिंगातून बघा: प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाने भरलेली एक इवलीशी लवचीक पिशवी. तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू असतात. स्नायू ओढले की पिशवी ताणून पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की ती टाचणीच्या टोकाएवढी होते. हे स्नायू मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या थेट ताब्यात असल्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. मासा अगदी ताजा असेल तर मेल्यावरही हे ठिपके मधूनच लुकलुकतात. कोळीण म्हणेल, "अहो, किती वेळ बघताय, घ्यायचंय का?" घ्या मग.

मासे आणि खेकड्यांकडे अशा स्नायूंनी ओढायच्या पिशव्या नसतात. त्यांच्या पेशींमध्ये रंगाचे कण पसरतात किंवा गोळा होतात. ही चाल बहुधा संथ असते, काही सेकंदांपासून तासांपर्यंत. खडकांतल्या डबक्यांत राहणारे काही गोबी मासे मिनिटभरात फिके किंवा गडद होतात.

ऑक्टोपस, म्हाकूळ आणि कटलफिश या भावंडांची गंमत पुढेच आहे. रंगपिशव्यांच्या खाली उजेड परतवणाऱ्या पेशींचा थर असतो, त्याखाली पांढऱ्या पेशींचा. पिशव्या पिवळ्या, लाल, तपकिरी. निळा-हिरवा चमकतो तो खालच्या थरांतून. शिवाय ऑक्टोपस आणि कटलफिश यांना कातडीवर गाठी आणि काटे उभे करता येतात, म्हणजे गुळगुळीत ऑक्टोपस पाहता पाहता शेवाळलेल्या दगडासारखा खडबडीत होतो. आणि एवढं सगळं करणाऱ्या या प्राण्यांपैकी बहुतेकांना रंग दिसतच नाहीत, त्यांच्या डोळ्यात एकाच प्रकारची प्रकाशग्राही पेशी असते. ते उजेडाचा जोर आणि ठिपक्यांचं माप जुळवतात. भोवतालचा रंग त्यांच्या अंगावरचे पांढरे आणि आरशासारखे थर आपोआप परतवतात. प्रयोगशाळेत कटलफिशला बुद्धिबळाच्या पटासारख्या जमिनीवर ठेवलं तर पटाची घरं बघून ती नक्षी ठरवते: घरं बारीक असतील तर अंगभर ठिपके, घरं तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या चौकोनाएवढी असतील तर मोठे गडद-फिके तुकडे, आणि एकरंगी जमिनीवर एकरंगी अंग. फरशीवरचा आपला पुठ्ठ्याचा मासा ती स्वतःच कापते म्हणा ना.

थोडं घरचं

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत त्याच्या बरगड्या मोजल्या असतील. मुलं तिथे हमखास विचारतात, "याचा रंग कसा होता?" हाडं ते सांगत नाहीत, म्हणूनच जिवंत किनाऱ्यावर जायला हवं.

त्या किनाऱ्याशी आपलं जुनं नातंही आहे. द्वारका, ओखा, बेट द्वारका हा ओखामंडळाचा मुलूख बडोदा संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने तिथल्या समुद्रजीवांची पाहणी बडोदा सरकारसाठी केली, आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली छापला गेला. आज कच्छच्या आखातातल्या त्याच प्रवाळ-पट्ट्याचा मोठा भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो: १९८० साली अभयारण्य, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान, देशातलं अशा प्रकारचं पहिलं.

सराव: कावी-कंबोईचा चिखल

बडोद्याहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, खंभातच्या आखाताकाठी, स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते, म्हणून गर्दी असते. लोक पिंडीकडे बघत असतात तेव्हा तुम्ही चिखलाकडे बघा.

इथे रंग एकच, गढूळ मातकट. सुरुवातीला सोपं वाटतं, पण चिखलावर टेकलेली निवटी दिसायला वेळ लागतो. स्थानिक लोक तिला लेवटा म्हणतात. ती पाण्याबाहेर छातीजवळच्या परांवर सरकते, आणि स्थिर झाली की चिखलाचा गोळाच. सापडते ती डोक्यावर आलेल्या बेडकासारख्या दोन डोळ्यांमुळे. आधी डोळे, मग मासा. जवळच एक मोठा आणि एक छोटा नांगा असलेले खेकडे दिसतील, नर तो मोठा नांगा हलवत असतात. दडायचं आणि मादीलाही दिसायचं, या ओढाताणीत त्या नराने अंगाचा रंग चिखलाला दिला आणि नांगा मादीला.

चिखलात उतरू नका. पाय रुततो आणि या आखातात पाणी झपाट्याने चढतं. बांधावर उभं राहून दुर्बीण लावा.

ओहोटी गाठणं

कोकणातले नातेवाईक एक हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणात तो बऱ्यापैकी बसतो. मी दुसऱ्या खेपेला तो मोठ्या विश्वासाने नराराला लावला आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन अजून न ओसरलेल्या पाण्यापाशी पोचलो. आखात चिंचोळं होत जातं तसं पाणी पोचायला वेळ लागतो, हे डोक्यात आलं नाही. बायकोने त्या दिवशी काही बोलायचं टाळलं, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा दिवस तिथीवरून ठरवा, वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यात मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, खडक नीट उघडे पडत नाहीत. तक्ता वाडीनार किंवा ओख्याचा घ्या, मुंबईचा नको. दिवसाउजेडी ओहोटी असेल असाच दिवस निवडा, आणि सगळ्यात कमी पाण्याच्या दीड-दोन तास आधी खडकांवर असा, म्हणजे उतरत्या पाण्यामागोमाग आत जाता येतं. ऋतू हिवाळ्याचा. एप्रिलमध्ये त्या खडकांवर सावली म्हणून काही नसते.

मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल बडोद्याहून जामनगरला जाते. जामनगरहून नरारा साठेक किलोमीटर, वाडीनारच्या बाजूला. तिथे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून आत सोडतात. स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. सामान थोडंच: जाड तळव्याचे, घोटा झाकणारे जुने बूट, टोपी, पाणी, पेन्सिल-वही, आणि स्वयंपाकघरातला सपाट बुडाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. तो डबा डबक्याच्या पाण्यावर टेकवून आतून बघितलं की पृष्ठभागाची थरथर आणि चकाकी जाते. एवढ्या स्वस्तात एवढं काम करणारं दुसरं साधन मी पाहिलं नाही.

खडकांवर बघायचं कसं

चालत चालत बघू नका. एक डबकं निवडा, सूर्य कुठे आहे ते बघून आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा, आणि पाच मिनिटं काही करू नका. तुम्ही आल्यावर सगळे थिजलेले असतात. हालचाल हा दडण्याचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि त्यांना ते माहीत असतं. पाच मिनिटांनी कुणीतरी चुकतं.

या पाच मिनिटांत प्राणी शोधायचा नाही, पार्श्वभूमी पाठ करायची. वाळूचा दाणा केवढा, शेवाळ कुठल्या बाजूला झुकलंय, दगडांच्या सावल्या कुठे पडतात. मग त्यात न बसणारं काय ते बघा. सगळं शेवाळ एका लयीत डोलतंय आणि एक झुबका उलटा चाललाय? तो बहुधा सजलेला खेकडा. या खेकड्यांच्या अंगावर आकड्यांसारखे केस असतात, त्यांत ते शेवाळ, स्पंजाचे तुकडे, मिळेल ते अडकवून ठेवतात. काही खेकडे तर अख्खा जिवंत स्पंज कापून टोपीसारखा पाठीवर धरतात. दगडाला सावली नाही, पण शेजारच्या 'दगडा'ला आहे? थांबा. वाळूत दोन मिरीएवढे काळे ठिपके जोडीने? लेप, किंवा एखादा गोबी.

ऑक्टोपस शोधायचा तर ऑक्टोपस शोधू नका, त्याचा उकिरडा शोधा. कपारीच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्या आणि खेकड्यांच्या फुटक्या पाठी पडल्या असतील तर आत घरमालक आहे. मला पहिला दिसला तो असाच. मी उकिरड्याकडे बघत होतो, वाटाड्या हळूच म्हणाला, "साहेब, ए तमने जुए छे." तो कपारीत नव्हताच. हातभर अंतरावर शेवाळलेल्या दगडासारखा बसून माझ्याकडे बघत होता. आडवी बाहुली, आणि श्वासाबरोबर उघडमीट करणारी एक नळी. तो श्वास पकडायला शिका. रंग, नक्षी, खडबडीतपणा सगळं जमतं, श्वास थांबवता येत नाही.

मोबाईलचा कॅमेरा एकदा कृष्णधवल करून बघा. रंगांचा गोंगाट गेला की सावल्या आणि कडा उरतात, आणि कधीकधी दगडातून अचानक खेकडा निघतो. उलट काही प्राणी रंगामुळेच सापडतात, म्हणून दोन्ही करून बघा. झगझगीत रंगाची एखादी समुद्रगोगलगाय दिसली तर गोंधळू नका. तिच्यातल्या बऱ्याच जाती दडत नाहीत, 'मी बेचव आहे, नादाला लागू नका' असं बजावतात. अर्थात स्वतः खातात त्याच स्पंजाचा रंग घेऊन त्यावर बेमालूम बसणाऱ्याही गोगलगायी आहेत.

वहीत प्रत्येक प्राण्यापुढे एकच प्रश्न लिहा: तो कशामुळे सापडला? डोळा, सावली, कड, हालचाल, श्वास, की उकिरडा. चार खेपांनंतर माझ्या वहीत सगळ्यात कमी वेळा आलेला शब्द 'रंग' आहे.

हात खिशात

दडण्यात पटाईत असलेले सगळेच निरुपद्रवी नसतात. दगडमासा दगडाहून दगड दिसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत जबर विष असतं. पाकट वाळूत अंग पुरून बसतो, म्हणून वाळूच्या पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या, म्हणजे तो आधीच सरकतो. सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असू शकतो आणि त्याचा डंख माणसाला मारू शकतो. फुगणाऱ्या माशाच्या अंगात विष असतं. कुठलाही ऑक्टोपस हातात घेऊ नका: निळ्या कड्यांचा एक छोटा ऑक्टोपस एरवी साधा तपकिरी असतो, डिवचल्यावर कडी चमकतात, आणि त्याच्या चाव्यावर उतारा नाही.

काटा लागलाच तर जखम भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. पाण्याची ऊब धड पायाने तपासा, दुखरा पाय बधिर झालेला असतो.

दगड उलटायचाच असेल तर वाटाड्याला उलटू द्या, आणि होता तसाच परत ठेवला का ते बघा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातून रिकामा शिंपलाही उचलायचा नसतो.

पाणी वळलं की वाटाड्या हाक मारेल. तेव्हा 'अजून एकच डबकं' म्हणू नका. पाणी समोरून येतं तसं मागच्या खळग्यांतूनही भरत येतं. बाहेर येण्याआधी, अजून खडकावर असतानाच, डबा उलटा करून झटका आणि बुटांच्या नाड्या बघा. शेवाळाचा एखादा धागा अडकलेला असतो. तो चिमटीत धरून नीट निरखा. मागच्या वेळी माझ्या पुतणीच्या नाडीतल्या धाग्याला आठ पाय आणि दोन नांगे होते. पाण्याच्या कडेला ठेवल्यावर तो दोन पावलं चालला, थांबला, आणि आम्ही चौघं वाकून बघत असतानाच आम्हाला दिसेनासा झाला.